सल्ला देणाऱ्यानं कप विसळायचे

सुखदेव,

आपल्या जळगावच्या कॉलेजच्या वार्षिकाचे संपादक परवा माझ्याकडे आले होते. तुझ्यावर पानभर मजकूर द्या म्हणाले. जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, परिवार आणि शेवटी ती नेहमीची भरून न येणारी पोकळी. मी हो म्हणालो आणि पहिल्याच ओळीत अडलो. तुझी जन्मतारीख मला माहीत नाही. कागदावरची माहीत आहे, एक जून. बोदवडच्या शाळेत मास्तरांनी ती तुझ्या नावापुढे लिहिली आणि वर्गातल्या निम्म्या पोरांच्या नावापुढेही तीच लिहिली. तू हसून सांगायचास, "व्यक्ती म्हणून माझी सुरुवातच सामुदायिक झाली." हे वार्षिकात कसं छापायचं? ते पान दुसरं कुणीतरी लिहील. हे मी तुला लिहितोय.

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. मला कळलं तेव्हा पाच झाले होते. वहिनींचं पोस्टकार्ड धुळ्याला कॉलेजच्या पत्त्यावर आलं आणि मी पेपर तपासायला बाहेरगावी. चार ओळी होत्या. कावीळ अंगावर काढली, जळगावला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता, पुण्यानुमोदन रविवारी आहे, जमल्यास यावे. त्या 'जमल्यास'कडे मी बराच वेळ पाहत बसलो. वहिनींनी तो शब्द साधेपणानं लिहिला असेल. मला तो साधा वाटला नाही. गेली सहा वर्षं एकच गोष्ट मला खाते आहे आणि तू होतास तोवर ती तुझ्यापुढे काढायची माझी हिंमत झाली नाही. सहा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी, तुझ्या खोलीवर, मला जे माहीत होतं ते मी तुला सांगितलं असतं, तर तू आज असतास का?

जरा मागून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे. पण क्रमानं मांडल्याशिवाय मला काही कळत नाही, हे तुझंच मत.

जळगावची आपली खोली. तुझा स्टोव्ह, माझा पलंग, चार कप आणि चार बशा. आपण दोघंही बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेले. तू हौसेनं, मी अर्थशास्त्रात जागा नव्हती म्हणून. सर शिकवायचे की पूर्वी माणसाला जन्माबरोबरच जागा मिळायची. आधुनिक माणसाला ती मिळत नाही, त्याला आपलं काम शोधावं लागतं, आणि ते काम असं असतं की त्याच्यावाचून दुसऱ्या कुणाला ते करताच येत नाही. मी भारावून वहीत उतरवत होतो. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "सर, ज्याची जागा गावाबाहेर होती त्याच्यापर्यंत ही बातमी फार उशिरा आली." सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पण आली ना? मग आता ऐका." त्या दिवसापासून तू त्यांचा लाडका.

एकोणिसाव्या वर्षी माणसाला जेवढी अक्कल असते तेवढीच मला होती. मी खोलीवर येऊन सिद्धान्त काढला. प्रत्येकाचं काम जर त्याचं एकट्याचं असेल, तर ते दुसरा कोण सांगणार? सांगितलं तर ते त्याचं उरत नाही. म्हणजे सल्ला ही घुसखोरी आहे. या खोलीत कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. तू अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकत होतास. म्हणालास, "नियम तुझा, शिक्षा माझी. सल्ला देणाऱ्यानं कप विसळायचे. सगळ्यांचे."

"कपच ना?"

"बशासुद्धा. मी बशीतून पितो."

किती खेळलो आपण तो खेळ. "स्वेटर घाल, गारठा आहे," एवढं माझ्या तोंडून निघालं की तू ओरडायचास, "सल्ला!" मी मोरीपाशी बसायचो. आणि मी बशा विसळायचो नाही, लबाडीनं तशाच सरकवून ठेवायचो. बशा आपल्या तू विसळायचास.

त्या तीन वर्षांत तुला मी एकदाही घरी नेलं नाही. फैजपूरपासून दोन कोसांवर माझं गाव; दर शनिवारी मी जायचो, येताना केळीची फणी आणायचो, ती तू खायचास, पण चल माझ्याबरोबर, असं मी कधी म्हणालो नाही. तूही कधी विचारलं नाहीस. व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर आपण तासन्‌तास बोलत होतो आणि ही साधी गोष्ट दोघांनीही उचलून बाजूला ठेवली होती. तू का ठेवलीस ते मला कळतं. माझं कारण भेकडपणा होता. आज सरळ लिहितो.

बी.ए. झाल्यावर मला पुण्याला एम.ए.ला जायचं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, ऐकायला तयार नव्हते. तत्त्वज्ञानानं केळीच्या घडाला पाणी मिळतं का, हा त्यांचा प्रश्न. पंधरा दिवस घरात बोलचाल बंद. मग एका सकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "आबा, हे माझं काम आहे, मी जाणार." आबांनी अडकित्ता खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा." एवढंच. भांडण नाही, शाप नाही. मला वाटलं, माझ्या आवाजात काहीतरी होतं. माणूस खऱ्या अर्थानं निवड करतो तेव्हा जग वाट देतं, असंच मला वाटलं. मी पुण्याला गेलो, आणि तू धुळ्याला पाटबंधारे खात्यात कारकून झालास. तुझ्याही मनात एम.ए. होतं. ते तू पुढे बाहेरून केलंस, ऑफिस सांभाळून, आणि माझ्यापेक्षा जास्त गुणांनी.

पुढे मलाही धुळ्यालाच कॉलेजात नोकरी लागली. तुझी देवपुरातली खोली आणि आपले रविवार पुन्हा सुरू झाले. तुझं लग्न झालं, वहिनी आल्या, आणि दंड कुणाला झाला हा निवाडा त्या करू लागल्या. "भाऊ, हा सल्लाच झाला," असं त्या आतून म्हणाल्या की अपील नाही. घरमालकीण अक्का दारातून बघायच्या. मला सगळे कप विसळताना पाहून एकदा आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मास्तर, बठ्ठा कप आज तुम्हनाच वाटाले उनात का? हाऊ कोनता खेय शे?" तू त्यांना गंभीरपणे सांगितलंस, "अक्का, हाऊ खेय नही. हाई आमनं तत्त्वज्ञान शे." अक्का तोंडाला पदर लावून गेल्या.

तिथंच आपला तो वाद सुरू झाला, जो संपला नाही. माझं म्हणणं तेच, जुनंच: माणूस आपल्या निवडीपुढे एकटा असतो. गर्दीतून बाजूला होतो तेव्हाच त्याला हाक ऐकू येते. तू म्हणालास, "एकटा असतो, हे तुमचं फार आवडतं वाक्य आहे, मधू. ज्याच्या पाठीशी सगळं गाव आहे त्याला एकटं असण्याची हौस असते. आम्हाला एकटं पाडलं होतं. त्याचं तत्त्वज्ञान होत नाही."

"मग तुझं म्हणणं काय? हाक नसते?"

"असते. पण ती दुसऱ्याच्या तोंडून येते. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. मुंगळा चढला तर दुसऱ्यानंच सांगावं लागतं."

"मुंगळा वेगळा आणि आयुष्याचं काम वेगळं."

"फरक आहे खरा. मुंगळा आहे असं सांगितलं तर तू चिडत नाहीस."

मी चिडलोच होतो. मला तुझा मुद्दा खोडता येत नव्हता. वर्गात मी जे पुस्तकांतून शिकवत होतो ते तू खुर्चीवर उकिडवा बसून सहज बोलायचास, आणि सोमवारी तेच मी वर्गात माझं म्हणून सांगायचो. हेही तुला माहीत होतं.

आता तो रविवार. एकोणनव्वदचा उन्हाळा, दुपारचे चार, पत्रा तापलेला. तू खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवलास. राजीनामा. एरंडोलच्या बाजूला एक नवीन विनाअनुदान कॉलेज निघालं होतं आणि त्यांना तत्त्वज्ञानाला माणूस हवा होता. पगार तुझ्या निम्म्याहून कमी. तू म्हणालास, "तिथं येणारी पोरं ही विषय उरला म्हणून तत्त्वज्ञान घेणारी. तुझ्यासारखी. त्यांना सांगायला माझ्याजवळ काहीतरी आहे. पण घरात बाळंतपण आलंय, बाबा थकलेत. मधू, आज नियम बाजूला ठेव. जाऊ का नको?"

त्याच आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या एका बैठकीत मी ऐकलं होतं की असल्या नव्या कॉलेजांतून मुलं नसलेले विषय बंद करायचे घाटत आहे. पहिला नंबर तत्त्वज्ञानाचा. हे बहुतेक नक्की होतं. ते मला माहीत होतं आणि तुला नव्हतं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

आतली भांडी वाजायची थांबली होती. वहिनी ऐकत होत्या. मग तू कागद खिशात ठेवलास, उठलास, माझा कप आणि तुझा कप उचललास आणि मोरीकडे गेलास. मी म्हणालो, "अरे, तू कशाला? सल्ला कुणी दिला?" तू पाठमोराच म्हणालास, "कुणीतरी विसळायलाच हवेत ना."

मी गप्प का राहिलो, याची बरीच कारणं मी सहा वर्षांत जमवली आहेत. पहिलं, नियम. दुसरं, बैठकीतली गोष्ट बाहेर सांगायची नसते. तिसरं जरा भारदस्त आहे: कायम नोकरीतला मी, माझ्या आडनावाचा मी, तुला 'आहेस तिथं राहा' असं कोणत्या तोंडानं सांगणार? ही तिन्ही कारणं मी स्वतःला पटवली होती. चौथं आज लिहितो. तू त्या धंद्यात उतरलास की लोकांना कळणार होतं, आपल्या दोघांत खरा कोण आहे ते. मी 'नको' म्हणालो तर ते माझ्या मत्सरातून येईल अशी मला भीती होती, आणि 'जा' म्हणालो तर ते खोटं झालं असतं. मग मी प्रश्न विचारला. प्रश्न विचारणारा माणूस किती निर्मळ दिसतो! फक्त माहिती द्यायची होती रे. ती सल्ल्यातही मोडत नव्हती.

तू गेलास तिथं. पहिल्या वर्षी अकरा मुलं, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी दोन. मग विषय बंद. तुला काही दिवस ग्रंथालयात बसवलं आणि मग तेही नाही. सुटलेली सरकारी नोकरी परत मिळत नाही. तू बोदवडला घरी आलास आणि शिकवण्या घेऊ लागलास, इंग्रजी आणि गणिताच्या. तत्त्वज्ञानाची शिकवणी कोण लावतो? नोकरी असती तर रजा असती, औषधपाण्याचं बिल मिळालं असतं, डोळे पिवळे दिसल्याबरोबर कुणीतरी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. तू तीन आठवडे शिकवण्या घेत राहिलास. हे मी मनातल्या मनात रोज म्हणतो आणि रोज त्याच जागी येऊन थांबतो.

मधे एकदा तू धुळ्याला आला होतास, विषय बंद झाला त्या वर्षी. माझा तास होता, म्हणालास, "बसू का मागे?" शेवटच्या बाकावर बसलास. मी निवडीवर बोलत होतो, आणि मी माझं ठरलेलं उदाहरण दिलं. दर वर्षी देतो. मी वडिलांपुढे कसा उभा राहिलो, माझ्या पाठीशी कसं कुणी नव्हतं, आणि 'हे माझं काम आहे' एवढ्या एका वाक्यानं तो कडक माणूस कसा हलला. मुलं नेहमीप्रमाणे ऐकत राहिली. तू हनुवटी तळहातावर ठेवून ऐकत होतास. बाहेर आल्यावर म्हणालास, "छान सांगतोस." मी खूश झालो. त्या छान सांगण्यात काय होतं ते मला अकरा दिवसांपूर्वी कळलं.

कार्ड मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी निघालो. रविवारी बोदवड गाठायचं म्हणून रात्रीपुरता गावी उतरलो. आबा जाऊन आता चार वर्षं झाली. घरात माय आणि धाकटा भाऊ. मायनं विचारलं, इतक्या घाईनं कुठं? मी म्हणालो, माझा एक मित्र गेला, बोदवडचा, सुखदेव नावाचा. माय तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"तो? कप धुनारा पोऱ्या?"

मला काही समजेना. "माय, तुले तो कसा मालूम?"

"आल्ता ना एक डाव. तू जयगावले मार्काचा कागद आनाले गेल्ता तव्हा. तुह्या बापाजोळ बसला घंटाभर. म्हने, आबा, केयीचा बाग धाकटा पाहीन, याले जाऊ द्या. याले बागात उभा केला तं बागही जाईन आन् पोऱ्याही जाईन. लय सादा बोले. आन् जाताना म्हने, मी आल्तो हे त्याले सांगू नका. त्याले वाटू द्या का त्यानंच ठरवलं."

मी विचारलं, कपाचं काय?

माय जरा घुटमळली. मग सांगायला लागली ते सांगतच राहिली, बहुधा तिलाही कुणाला तरी सांगायचंच होतं. तू आल्या आल्या गाव सांगितलंस, नाव सांगितलंस, बाबा रेल्वेत गँगमन आहेत म्हणालास. आबांनी मायला खूण केली. मायनं कोनाड्यातला कप काढला. तो कप मी लहानपणापासून पाहिला आहे, कान तुटलेला, वेगळा ठेवलेला. कुणासाठी ते सांगायला नको. तू त्यातून चहा प्यायलास. आबांशी बोललास. मग उठलास, तुझा कप उचललास, आबांचा उचललास, शेजारचे काका बसले होते त्यांचा उचललास. "मी चुलीपासून उठून आली, का हा आपले कप काबरं उचलते," माय म्हणाली. तू अंगणातल्या दगडापाशी बसलास, सगळे कप विसळलेस, बशा विसळल्यास, ओळीनं पालथ्या घातल्यास आणि नमस्कार करून निघून गेलास.

"तुहा बाप म्हने, पोऱ्या समजदार हाये, आपली पायरी वयखते. असा लीन मानूस खोटं नाही बोलनार म्हने." आणि मग खाली पाहत, "मी ते कप आखीन धुतले रे मधू. राखेनं."

सुखदेव, मी त्या क्षणापासून स्वतःशी बोलायचा थांबलो आहे, फक्त तुझ्याशी बोलतो. माझ्या घरी तू सल्ला दिलास आणि दंड भरलास. तिथं नियम माहीत असणारा दुसरा कुणी नव्हता, तू तो भरला नसतास तरी चाललं असतं. तुझ्या त्या दंडाला माझ्या बापानं लाचारी समजलं, आणि तिच्यावर खूश होऊन मला पुण्याला जाऊ दिलं. माझं सगळं तत्त्वज्ञान, माझी नोकरी, मी वर्षानुवर्षं मुलांना सांगितलेली ती शूर गोष्ट, हे सगळं त्या अंगणातल्या दगडावर विसळलेल्या कपांवर उभं आहे. तुला ठाऊक नव्हतं का, ते कसं पाहतील? तुझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार! तो कान तुटलेला कप हातात घेतलास तेव्हाच तुला सगळं कळलं असेल. तरी विसळलेस. का? नियमासाठी? माझ्यासाठी? की ते काय समजतात याची तुला त्या दिवशी पर्वाच नव्हती आणि तू आपल्या मनात पूर्ण मोकळा होतास? हा प्रश्न मी तुला विचारू शकत नाही. प्रश्न विचारण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हा एक खरा प्रश्न होता तो राहून गेला.

तू माझ्यासाठी नियम मोडलास आणि मी तुझ्यासाठी मोडला नाही, एवढीच आपल्या वादाची अखेर आहे. तू बरोबर होतास. माझी हाक मला तुझ्या तोंडून आली आणि ती माझ्याच आतून आली असं वाटण्याची सोयही तूच करून ठेवलीस. आणि तुझी वेळ आली तेव्हा मला तुझी पाठ स्वच्छ दिसत होती आणि मी तुला विचारलं, तुला काय वाटतं?

रविवारी मी बोदवडला आलो. रुळांपलीकडची तुमची वस्ती मी पहिल्यांदाच पाहिली, अठरा वर्षांच्या दोस्तीनंतर. भंतेजींचं म्हणून झालं, माणसं पांगली. तुझा फोटो कपाटावर होता, पाटबंधारे खात्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. बाबा भिंतीला टेकून बसले होते. तुझी लेक वहिनींच्या मांडीवर. शेजारच्या दोन बाया चहा देऊन गेल्या. मी बाबांशी काहीबाही बोललो. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? माझा भाऊ म्हणतो, नाशिकला चल, माझ्या घरी राहा. इथं बालवाडीत मदतनीसाची जागा आहे. मी काय करू?"

माझ्या ओठांवर ते आलं होतं. सवयीनं. 'तुम्हाला काय वाटतं?' वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि त्यांनाही तेच ऐकू येणार याची खात्री असावी, कारण त्यांनी मान खाली घातली.

मी म्हणालो, "नाशिकला जाऊ नका. तिथं तुम्ही भावाच्या घरातलं कामाचं माणूस होऊन बसाल. बालवाडीची जागा घ्या. आणि तिथंच थांबू नका, जूनमध्ये डी.एड.चा फॉर्म भरा, तो मी आणून देतो. तुम्हाला शिकवता येतं. सुखदेवनं मला सांगितलंय, त्याच्या शिकवणीतली लहान मुलं गणित अडलं की त्याच्याकडे न जाता आत तुमच्याकडे यायची. ते तुमचं काम आहे, वहिनी. तुम्हाला दिसत नसेल. मला दिसतंय."

बरोबर सांगितलं की चूक, मला आजही माहीत नाही. उद्या ते चुकलं तर त्याचा दोष माझा, हे मात्र मी या वेळी अंगावर घेतलं आहे.

मग मी उठलो. बाबांचा कप उचलला, वहिनींचा उचलला, माझा उचलला, दारापाशी बसलेल्या शेजाऱ्यांचे दोन उचलले आणि मोरीपाशी जाऊन बसलो. बाबा भिंत धरून धडपडत उठले. "पाटील, हे काय करू ऱ्हायले तुम्ही? आमच्या घरचे कप? ठिवा ते खाली!" दारातला शेजारी दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य, केवढा मोठा मानूस. काही भेदभाव नाही." बाबांनी हात जोडले, आणि डोळे पुसले.

तुला हसू येईल. तू कप विसळलेस तर तुझी पायरी, मी विसळले तर माझा मोठेपणा. मी म्हणालो, "बाबा, मोठेपणा नाही हो, दंड आहे." त्यांना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा हात जोडले. मी पाच कप विसळून ओळीनं पालथे घातले आणि उठलो.

मागे वहिनी उभ्या होत्या, लेकीचा हात धरून. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपांकडे.

"बशा राहिल्या, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा खाली बसलो.